बाणबंदी

ऑफिसात मला चाळणीबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण पार्टिशनपलीकडून ऐकू येतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. सव्वीस वर्षांत माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या टीमची एक ओळही बाहेर पडलेली नाही. आम्ही रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्रॅम लिहितो. नळीत रक्त येतं, नळीवर पट्ट्यापट्ट्यांचं स्टिकर असतं, यंत्र ते वाचतं आणि पुढचं सगळं आमचा प्रोग्रॅम ठरवतो. कुठली नळी आधी, कुठली नंतर, आणि आकडा धोक्याचा निघाला तर कुठल्या वॉर्डला ताबडतोब फोन जायला हवा. इथे ‘चुकून राहिलं हो’ चालत नाही. फोन राहिला तर पेशंट राहत नाही.

आता चाळणीला भोकं असायचीच. पण माझ्या चाळणीला एक भोक जरा मोठं होतं, आणि ते मी नऊ वर्षं हात ठेवून झाकलं होतं.

झालं असं, की जावा ही कॉम्प्युटरची भाषा मी शिकले तेव्हा ती माझ्यासारखीच होती, सगळं सविस्तर सांगणारी. एवढंसं काम सांगायचं असलं तरी त्याला स्वतंत्र क्लास, म्हणजे कोडचा वेगळा कप्पा, त्या कप्प्याला नाव, त्याची वेगळी फाइल. नवजात बाळाचा नमुना आला तर काय करायचं, याची एक फाइल. अपघातातल्या पेशंटचा आला तर दुसरी. अशा त्रेचाळीस नियमांच्या त्रेचाळीस फाइली मी स्वतःच्या हाताने लिहिल्या. मग त्या भाषेत बाण आले. लॅम्डा म्हणतात त्याला. डावीकडे एखादं अक्षर, मधे आडवी रेघ, रेघेला टोक, आणि उजवीकडे काम. ना नाव, ना गाव! मी एक जाडजूड पुस्तक आणलं. अकराव्या पानावर ‘फंक्शनल इंटरफेस’ असं काहीतरी आलं आणि माझं घोडं तिथेच अडलं. त्या पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलं, पुस्तक कपाटात शालींच्या मागे सारलं, आणि म्हटलं, बघू नंतर.

नेमकं त्याच महिन्यात आमच्या टीमची नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलं. सातवा नियम मी असा लिहिला: ‘आपल्या कोडमध्ये बाण वापरू नयेत. वाचायला अवघड जातात.’ कोणाला अवघड जातात, ते लिहिलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी अनुभवी बाई म्हणते आहे म्हणजे काहीतरी असेलच की! नाचता येईना त्याला अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणाला कुलूपच लावून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नऊ वर्षं सुखात गेली.

आणि मग सूनबाई आली.

म्हणजे घरी ती तीन वर्षांपूर्वीच आली. मुलगा आणि ती आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. ऑफिसात ती आली गेल्या वर्षी, आणि तीही मला न सांगता. तिने माहेरच्या आडनावाने अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते. आमचा टीम लीड माझ्या मुलाच्या वयाचा आहे, त्याला सगळं ‘आत्ताच्या आत्ता’ हवं असतं, म्हणून मी त्याला आत्तासाहेब म्हणते. त्याने तिला आत्ताच्या आत्ता घेऊन टाकलं, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. चांगली पक्की नोकरी सोडून आली होती पोरगी. मी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात तिला बजावलं, “हे बघ, घरचं घरी, ऑफिसचं ऑफिसात.”

“हो मॅडम,” ती म्हणाली, आणि कप विसळायला लागली. आगाऊ!

पण कामाला वाघीण, हे कबूल करायला हवं. पाच महिने मी तिच्या कामात बोट ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही. सहाव्या महिन्यात आत्तासाहेबाच्या डोक्यात आलं, की माझ्या त्रेचाळीस फाइली फार झाल्या. नवीन लॅब जोडली की नवा नियम, नवा नियम म्हणजे नवी फाइल, दोन दिवस त्यातच जातात. सूनबाई म्हणाली, बाण वापरू दिलेत तर सगळे नियम एका फाइलीत बसवून दाखवते. “सातवा नियम एकदाच बाजूला ठेवू,” आत्तासाहेब म्हणाला, “मॅडम बघतीलच की शेवटी.”

सोमवारी सकाळी ते काम माझ्यापुढे आलं, आणि पाठोपाठ आत्तासाहेब.

“शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मला फक्त हो किंवा नाही सांगा. तिचं प्रोबेशन यावरच ठरणार आहे. तुम्ही हो म्हणालात तर ती पक्की. नाही म्हणालात तर मला तिला ठेवून घेता येणार नाही, वरून तसं स्पष्ट आलंय.”

“अहो, सासूने सुनेचं काम तपासायचं हे शोभतं का? दुसऱ्या कोणाला द्या ना.”

“ते त्रेचाळीस नियम तुम्ही लिहिलेत. दुसऱ्या कोणाला त्यातलं काय कळणार?”

मी फाइल उघडली.

एकाखाली एक बाणच बाण. आणि प्रत्येक नियमाच्या डोक्यावर कॉमेंटचा हा एवढा परिच्छेद! कॉमेंट म्हणजे यंत्र जे वाचत नाही, फक्त माणसांसाठी लिहिलेलं असतं ते. प्रोग्रॅमर लोक तिथे जेमतेम चार शब्द लिहितात. हिने लिहिलं होतं: ‘घाबरण्यासारखं काही नाही. बाण म्हणजे फ्रिजवरची चिठ्ठी समजा. डावीकडे काय आलं ते, उजवीकडे त्याचं काय करायचं ते.’ रक्ताच्या प्रोग्रॅममध्ये फ्रिज! माझं डोकंच फिरलं. मी रिव्ह्यूत, म्हणजे तपासणाऱ्याने शेरे लिहायच्या जागी, शेरा मारला: ‘हा कोड आहे की पुराण? कमी बोला.’ तिचं उत्तर आलं, ‘बघते मॅडम.’ बघितलं मात्र काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही पुराण तसंच्या तसं.

आणि मी? कॉमेंट्सवर चिडले कारण कॉमेंट्स तेवढ्या मला कळत होत्या. खालचा कोड पार डोक्यावरून जात होता.

नाही म्हणावं, तर पोरीची नोकरी जाणार, आणि ती माझ्या अडाणीपणापायी. हो म्हणावं, तर न वाचता हो म्हणायचं. सव्वीस वर्षांत केलं नाही ते करायचं, आणि उद्या एखाद्या वॉर्डात फोन वाजला नाही तर? मंगळवारी मी शालींच्या मागून पुस्तक काढलं. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले की प्रिंटरच्या खोलीत बसायचं आणि सराव करायचा. घरचंच उदाहरण घेतलं. एक इंटरफेस बनवला, नाव ‘घर’. त्यात दोन कामं ठेवली: दूध तापवणे आणि टाकी भरणे. मग ऐटीत एक बाण काढला. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, म्हणाला, चालणार नाही, हा फंक्शनल इंटरफेस नाही. अरे, का नाही? मी बाण उलटून पाहिला, कंस घातले, काढले. चालणार नाही. बुधवारी पुन्हा तेच. मी त्या कंपायलरला इतकं काही बोलले की प्रिंटर दुरुस्त करणारा दारातूनच मागे फिरला.

संध्याकाळी आमचे हे घड्याळ उघडून बसले होते. हे घड्याळजी, डोळ्याला भिंग लावलं की जगाशी संबंध नाही, असं आपल्याला वाटतं.

“दोन दिवस ते पुस्तक घेऊन फिरते आहेस,” भिंग न काढता हे म्हणाले. “काखेत कळसा नि गावाला वळसा.”

“कसला कळसा?”

“वरच्या मजल्यावर राहतो तो. आत्ता कपडे वाळत घालतोय.”

“म्हणजे सुनेपुढे जाऊन सांगू, मला येत नाही म्हणून? नऊ वर्षं सगळ्यांना बाण बंद करून बसले, ते येत नव्हते म्हणून?”

“मग शुक्रवारी काय सांगणार आहेस?”

यांनी पुढे काही विचारलं नाही, चिमट्याने एक स्क्रू उचलला आणि आपल्या कामाला लागले. या माणसाचा मला या एका गोष्टीसाठी भयंकर राग येतो, नेमकं बोलतात आणि गप्प बसतात.

गुरुवारी आम्ही दोघी दुपारीच घरी आलो, ऑफिसची लाइट गेली होती. सूनबाई ओट्यापाशी मटार सोलत होती. मी समोर बसले, चार शेंगा सोलल्या, पाचवी सोलताना तोंड उघडलं.

“मला बाण येत नाहीत.”

तिने मान वर केली नाही. “हं,” म्हणाली.

“हं काय? येत नाहीत म्हणजे अजिबात येत नाहीत. तुझं काम मला वाचता येत नाहीये. शिकव.”

हा शेवटचा शब्द बाहेर पडला आणि मला एकदम हलकं वाटलं, घट्ट चप्पल काढल्यावर वाटतं तसं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. हात पुसले, लॅपटॉप आणला, मटाराची परात बाजूला सारली. मी माझं ते ‘घर’ दाखवलं.

“आई, इंटरफेस म्हणजे नुसता करार. काय येणार आणि काय करून द्यायचं, एवढाच. तुम्ही या करारात दोन कामं ठेवलीत. मग एकच बाण दिला. तो दूध तापवण्याचा आहे की टाकी भरण्याचा, बिचाऱ्या कंपायलरने ओळखायचं कसं?”

“मग नाव लिहू ना कामाचं.”

“लिहायचं नाही, तीच तर मजा आहे. करारात एकच काम ठेवा. एकच काम असलं की त्याला फंक्शनल इंटरफेस म्हणतात. मग नाव सांगायची गरजच राहत नाही, दुसरं काम आहे कुठे?” तिने फ्रिजकडे बोट केलं. “तिथे काय लिहिलंय?”

आमच्या घरात माझीच एक पद्धत आहे. जो आधी घरी येईल त्याने फ्रिजवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि सांगितलेलं काम करायचं. चिठ्ठीवर नाव नसतं, कारण कोण आधी येईल ते कोणाला ठाऊक? सकाळी मीच लावून गेले होते: ‘दूध आलं की तापवा.’

“दूध आलं,” ती म्हणाली. “मग बाण. मग तापवा. तुम्ही दररोज लॅम्डाच लिहिता की, आई.”

अगं बाई! मी टाकी भरणं खोडलं. कंपायलर निमूट चालू लागला. नऊ वर्षं, आणि एक ओळ खोडायची होती! मला स्वतःचा राग आला, हसूही आलं, आणि मी दोन्ही करून घेतलं.

मग आम्ही तिचं काम उघडलं. आता ते मला दिसायला लागलं. माझ्या जुन्या फाइलीत एकच क्लास दोन कामं करायचा: धोका आहे का ते बघायचा आणि असला तर स्वतःच फोन लावायचा. हिने त्याचे दोन बाण केले होते. पहिला नमुना बघून हो किंवा नाही सांगणार. दुसऱ्यात, हो असेल तर कोणाला फोन लावायचा ते. छान होतं. सुबक होतं. मी एकेक नियम बोट ठेवून वाचत गेले, नव्याने वाचायला शिकलेल्या माणसासारखी, आणि अशा माणसाला बावळट प्रश्न पडतातच.

“मी ही चिठ्ठी लिहिली, फ्रिजवर लावली. एवढ्याने दूध तापलं का?”

“नाही हो, कोणीतरी वाचून करायला हवं ना. बाण दिला म्हणजे काम झालं असं नाही, नुसतं सांगून ठेवलं.”

“मग ही फोनवाली चिठ्ठी वाचतं कोण?”

“ही बघा ना, इथे.” तिने मधली जागा दाखवली. प्रत्येक नमुना तिथून जातो, हो आलं की दुसरा बाण चालतो, फोन जातो.

“आणि फेरतपासणीचा नमुना? ज्याचा आकडा संशयास्पद म्हणून पुन्हा लावतात तो? त्याची वाट मी मुद्दाम वेगळी काढली होती. तो या दाराने येतच नाही.”

तिने स्क्रीन वर सरकवला, खाली सरकवला. फेरतपासणीच्या वाटेवर पहिला बाण चालत होता, हो म्हणत होता, पडद्यावर लाल खूण करत होता. दुसरा बाण हातात घेऊन ठेवला होता, आणि तो चालवणारं पुढे कोणीच नव्हतं. चिठ्ठी फ्रिजवर, घर रिकामं. आणि फेरतपासणीला येतात ते नमुने बहुतेक वेळा सगळ्यात वाईट असतात.

सूनबाईने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. “पण सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या, आई.”

खरं सांगते, क्षणभर जीभ शिवशिवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा सापडली होती! पण प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या त्या टेस्ट कोणी लिहिल्या होत्या? मी. त्यात फक्त ‘हो’ आलं का, एवढंच विचारलं होतं. माझ्या क्लासात हो म्हणणारा आणि फोन लावणारा एकच होता, म्हणून फोन गेला का हे वेगळं विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

“अर्धी चूक तुझी, अर्धी माझी,” मी म्हटलं. “तू बाण चालव. मी टेस्ट लिहिते.”

तिने एका ओळीत दुरुस्ती केली. मी त्रेचाळीस नियमांना, दोन्ही वाटांनी, फोन गेला का असं विचारणाऱ्या टेस्ट लिहिल्या, आणि त्या बाणांनी लिहिल्या. मधे मुलगा आला, आम्ही विसरलेली फ्रिजवरची चिठ्ठी वाचून त्याने दूध तापवलं, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता आपल्या बाबांशेजारी जाऊन बसला. शहाणा आहे, बापावर गेलाय.

शुक्रवारी मीटिंगला सगळी टीम होती. आत्तासाहेब म्हणाला, “मॅडम, हो की नाही?”

“आधी दुसरं सांगते. सातवा नियम मी लिहिला तो मला बाण येत नव्हते म्हणून. वाचायला अवघड जातात ते मला जात होते. काल मला सूनबाईने शिकवलं. शिकता शिकता एक चूक सापडली, अर्धी तिची, अर्धी माझी, ती आम्ही दोघींनी काढली. नियमावलीतून सातवा नियम मी आज सकाळी खोडला आहे. आणि माझं उत्तर हो आहे. प्रत्येक ओळ वाचून हो.”

कोणीच हसलं नाही. उलट कोपऱ्यातला डेटाबेसवाला म्हणाला, “बरं झालं मॅडम, मलाही धड येत नाहीत.” मग मात्र सगळे हसले. आत्तासाहेबाने सूनबाईचा कागद आत्ताच्या आत्ता सही करून वर पाठवला.

संध्याकाळी घरी मी तिला म्हटलं, “आता पक्की झालीस. आता तरी ते पुराण काढ. मला वाचता येतंय आता.”

“काढते की,” ती म्हणाली. “तुम्ही असं म्हणायचीच वाट बघत होते.”

“म्हणजे?”

“तुमच्या कपाटात शाल घ्यायला गेले होते तेव्हा पुस्तक दिसलं होतं. अकराव्या पानावर तिकीट, पुढची पानं कोरी करकरीत. आत्तासाहेबांनी मला तीनदा सांगितलं, एवढ्या कॉमेंट्स कशाला, काढा. मी म्हटलं, राहू द्यात सध्या.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या ऑफिसात फ्रिज नाहीच मुळी! फ्रिजवरच्या चिठ्ठ्या कोणाच्या घरात असतात? त्रेचाळीस परिच्छेद, प्रत्येकात दूध, टाकी, चिठ्ठी, आणि मी त्यावर ‘कमी बोला’ असा शेरा मारला होता. लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात. इथे सून कोडशी बोलत होती, आणि ते सासूसाठी होतं. मला लागलं ते मात्र भलत्याच जागी लागलं. माझे डोळे भरून आले. मी मटार बघायला फ्रिज उघडला आणि बराच वेळ उघडाच ठेवला.

“आई, गार हवा जातेय,” ती मागून म्हणाली.

“जाऊ दे!”

सोमवारी तिचं नवं काम माझ्याकडे तपासायला आलं. कॉमेंट्स काढल्या होत्या, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. काढलेल्या ओळी तपासणाऱ्याला लाल होऊन दिसतात, मी त्या एकेक बघत गेले, बरोबर, बरोबर, बरोबर, आणि सगळ्यात वरच्या एकीवर थांबले. तिच्यापुढे शेरा लिहिला: ‘ही काढू नका. आपल्या डेटाबेसवाल्याला लागेल.’

दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘बरं, आई.’ ऑफिसात, सगळ्यांना दिसेल असं. मी ते वाचलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नजरेखालून चुकीचा शब्द गेला आणि मी तो तसाच जाऊ दिला.